ओर्सोलाच्या पिंजऱ्याबाबत

मी, झानेत्ता, दिवंगत बोर्तोलो तोरेसिन यांची विधवा, वय बासष्ट, राहणार व्हेनिस, सान बार्नाबा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पाय सुजलेत, डोकं शाबूत आहे. कुणी भरीस पाडलेलं नाही. मला भरीस पाडणारा अजून जन्मायचाय.

माझं राहतं घर भाची लुचिएत्ता हिला द्यावं. वार्निशची भांडी आणि कुंचले कारागीर मेनेगो यास. तो आळशी आहे, पण हात हलका आहे. दिराला काही देऊ नये. त्याला कारण माहीत आहे.

आता लिहिण्याच्या मेजाबद्दल. ते माझी धाकटी बहीण ओर्सोला हिला किओज्जा येथे पोचतं करावं.

आमचा धंदा गरिबांच्या लाखकामाचा. लाकूड रंगवायचं, छापील चित्रं कापून चिकटवायची, वर वार्निशचे वीस हात द्यायचे, की चिनी लाखेचा थाट येतो. ओर्सोला कापायची, मी वार्निश द्यायची. बोर्तोलो भिंग लावून तिचं काम बघायचा. "झाने, ये बघ. पिंजऱ्याची तार न् तार सुटी कापलीय पोरीनं." मी सुद्धा कापायची. माझ्या कामाला त्यानं भिंग कधी लावलं नाही. त्या दोघांत काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, जळायला कारण तरी मिळालं असतं.

हे मेज एका नवरीसाठी होतं. दर्शनी फळीवर पिंजरा, आत पोपट. शेवटचे हात द्यायच्या दिवशी दक्षिणेचं दमट वारं सुटलं. त्या वाऱ्यात वार्निशला हात लावायचा नाही, ते पांढरं पडतं, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही कळतं. मला कळत होतं. मी खिडकी उघडली आणि दोन हात दिले.

सकाळी सगळं दुधाळ झालेलं. मी म्हणाले, "हिची खळ ओली राहिली असणार."

बोर्तोलो तिला नको नको ते बोलला. गिऱ्हाइकानं मेज परत पाठवलं. ओर्सोलानं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कात्री ठेवली. तेव्हापासून ती किओज्जाला मासेमारीची जाळी शिवते. एकतीस वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात मी ते पांढरं वार्निश उतरवलं. पिंजरा जसाच्या तसा. मी इतकी वर्षं रोज कापते आहे, तशी एक तार मला जमलेली नाही. अजून पोटात दुखतं.

तरी मेजामागे कागद चिकटवावा: "कापकाम ओर्सोलाचं. बिघाड झानेत्ताचा." आणि हे कलम आमच्या रंगाऱ्यांच्या संघात, सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्यानं वाचावं.

नोटरी पावानसाहेबांनी विचारलं, "मावशी, किओज्जा होडीनं काही तासांवर आहे. जिवंतपणीच जाऊन सांगा की."

जाणार नाही. ती मला तिथल्या तिथे माफ करेल, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं करेल. ते मला बघायचं नाही.

वाचून, समजून सही केली.

झानेत्ता तोरेसिन

साक्षीदार: पिएरो दाल्ला वाल्ले, आरसे बनवणारे, आल्विझे मोरेत्ती, सुतार
व्हेनिस, ९ मार्च १७७१