पायातली वाळू

तीर्थरूप नाना,

सावडण्याच्या दिवशी तुमच्या राखेतून मी एक वस्तू लपवून आणली. तुमच्या खुब्यात बसवलेला धातूचा गोळा. आज ते सांगायलाच हवं, कारण तुमची बहीण चोपड्याहून माझ्याकडे धुळ्याला आली, ती उजवा पाय ओढत.

"अक्का, काय झालं?"

"काही नई वं. पायमा वाळू शे."

नाना, हे तुमचे शब्द! तुम्ही असं म्हणालात तेव्हा मी तुमच्या खुब्याचा एक्स-रे काढवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "गोळा जागेवर आहे." होताच. पण धातूच्या वाटीत धातूचा गोळा घासून पडणारी भुकटी त्यात दिसत नाही, हे मला कळायला नको होतं?

आणि तुम्ही पुन्हा का विचारलं नाहीत? पोरगी प्रयोगशाळेत आहे, तिला कळतं, एवढ्यावर वर्षभर केळीच्या बागेत लंगडत राहिलात!

मग डॉक्टरांनी सुई घातली, तर सांध्यातून काळं पाणी निघालं. तिथला मांसाचा तुकडा आमच्याकडे तपासायला आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला त्याचा पातळ काप मीच केला, मीच रंगवला. धातूचे काळे कण बारीक रक्तवाहिन्यांभोवती दाटले होते. वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एरवी फरशीसारख्या सपाट असतात. तुमच्या फुगल्या होत्या, काही सुटून आत पडल्या होत्या. काही वाहिन्या बंदच.

गोळा बदलण्याआधीच तुम्ही गेलात. दाखल्यावर हृदयविकार आहे. कणांमुळे गेलात असं मी म्हणत नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही.

राखेत गोळा दिसला तेव्हा अक्का म्हणाली, "हाई बी नानानंच हाड शे. टाक तापीमा." मी टाकल्यासारखं केलं. त्या गोळ्यावर नखाएवढी जागा घासून निस्तेज झाली आहे.

तसलाच गोळा अक्काच्या पायात आहे. "मना पाय लोखंडी शे, आते म्हातारपण नई!" असं म्हणत गावभर मिरवलंत, म्हणून ती ऑपरेशनला तयार झाली. आता तपासणीला नको म्हणते.

"तूच नानाले सांगेल व्हतं ना, जागावर शे म्हनीसन!"



उद्या सकाळी आधी तिला माझी चूक सांगेन. मग दवाखान्यात नेईन, तुमचा गोळा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवेन आणि नुसता एक्स-रे पाहून परत फिरणार नाही, सांध्यातलं पाणी काढायला लावीन. त्यानंतर तुमचं हाड तापीत सोडेन, हा शब्द.

पाणी काळं निघालं, तर तिचाही काप मीच करीन. नाना, नको निघायला.

तुमची,
सुनंदा