सरहद्दीच्या गावाला नको

१२ जाने.
चिंचवडला संस्थेची मीटिंग. यंदाचं कृत्रिम पायांचं शिबिर आफ्रिकेतच, पण कुठे ते ठरेना. राजधानीत, की सरहद्दीजवळच्या गावात. सुरुंगांनी पाय गेलेले बहुतेक त्या गावाच्या आसपासचे. जाणारे सहा जण, सगळे आपापली रजा टाकून. डॉ. गाडे म्हणाले, "मॅडम, तुम्ही चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं सेफ्टी बघितलीत. तुम्ही लिहून द्या, आम्ही मानू." फाइल घेऊन आले. नाही म्हणता आलं असतं.

१४ जाने.
फाइल वाचली. राजधानीपासून गाव दोन दिवसांवर. रस्त्यावर गाड्या अडवतात, मागच्या वर्षी दोनदा गोळीबार. ऑपरेशनची सोय नाही. फोन कधी लागतो, कधी नाही. कंपनीत प्रेस शॉपसाठी करायचे तसाच तक्ता केला. धोका, शक्यता, उपाय. उपायाच्या रकान्यात लिहिण्यासारखं फार काही नाही.

१७ जाने.
सहा जणांतल्या सलीमभाईंच्या वर्कशॉपवर गेले. चाकण चौकात कांद्याचे ट्रक, पाऊण तास तिथेच. पायांचे सांगाडे हेच वेल्ड करतात, तिकडे बसवतातही हेच. रस्त्याचं सगळं सांगितलं. हातातलं काम न थांबवता ऐकलं.
"ताई, राजधानीत पाय बसवणारे हायेत. तिकडं कोण हाय?"
"तुम्हाला काही झालं तर?"
"ते हितं हायवेवर बी व्हतंय की."
हे उत्तर कंपनीत पण ऐकायचे. गार्डची जाळी काढून मशीन चालवणारे हेच म्हणायचे. सलीमभाई तसे नाहीत, तरी.

१९ जाने.
त्यांची बायको शमीमभाभी घरी आल्या. पहिल्यांदाच. चहा घेतला नाही.
"त्यांना इचारू नका ताई, ते व्हयच म्हणणार. तुमी जा म्हणालात तर मी अडवणार न्हाई. पण तुमच्या सख्ख्या भावाला धाडलं असतं का, तेवढं सांगा."
बघते, एवढंच म्हणाले.

२१ जाने.
व्हिडिओ कॉल. त्या गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टर, तिशीच्या असाव्यात. मी प्रश्न विचारत गेले, त्यांनी एकही उत्तर सजवलं नाही. रस्ता वाईट आहे म्हणाल्या. शेवटी एवढंच, "तुम्ही राजधानीत थांबलात तर माझे पेशंट तिकडे आणावे लागतील. त्याच रस्त्याने. एका पायावर."
मग लाइन गेली. परत लावली नाही मी.

२२ जाने.
लिहून दिलं. सरहद्दीच्या गावाला नको, राजधानीत चालेल. खाली सही. पेशंटच्या प्रवासाबद्दल एक ओळ लिहिली होती, ती काढली. मला विचारलं होतं ते सहा जणांबद्दल.

२४ जाने.
मीटिंग दहा मिनिटांत संपली. सलीमभाई जिन्यात भेटले तेव्हा, "तुमचं बरोबरच असंल ताई." राग दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं.

९ फेब्रु.
राजधानीतून सलीमभाईंचा व्हॉइस मेसेज. शिबिर नीट चालू, सगळे ठीक. गावाकडून ट्रक आला. यादीत ब्याण्णव जण, आले एक्केचाळीस. बाकीचे निघालेच नाहीत, काही घाबरून, काहींना चढवता आलं नाही. एक म्हातारे दोन दिवस पोत्यांना टेकून बसून आले. पाय बसवल्यावर भिंत धरून चालले आणि परत कधी जायचं विचारत होते. मेसेज दोनदा ऐकला.

१२ फेब्रु.
शिबिर संपलं. एक्केचाळीस जण त्याच ट्रकने सकाळी परत निघाले. सलीमभाई थोडं अंतर बरोबर जातो म्हणत होते, गाडेंनी माझा कागद दाखवून थांबवलं.

१५ फेब्रु.
ट्रक काल पोचायला हवा होता. पोचल्याचा निरोप नाही. तिकडच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. गाडे म्हणतात, तिथे असं होतंच. होत असेल.
सहाही जण पहाटे घरी पोचले. शमीमभाभींचा फोन, "आमचं माणूस सुखरूप आलं, ताई. तुमच्यामुळं." मागून सलीमभाईंचा आवाज, ट्रकचं काही कळलं का विचारत होते. भाभींना वाटलं मालाचा ट्रक.
नाही म्हणाले, अजून नाही.
दुपारी डॉक्टरांना मेसेज केला. संध्याकाळी पुन्हा. दोन्हींवर एकच टिक.