गोटीत बघा

२० फेब्रुवारी २००५, रविवार

शिवहारने शेवटी आणलाच! नांदेडला अल्बमची कव्हरं आणायला पाठवलं होतं, येताना डिजिटल कॅमेरा घेऊन आला. तोही साधा नाही. मागची स्क्रीन कपाटाच्या दारासारखी उघडते. बिजागरीवर. बाहेर काढा, वर करा, खाली करा, उलटी करून समोरच्याकडं फिरवा. सख्ख्या धाकट्या भावानं मोठ्या कौतुकानं ती माझ्याकडं फिरवली आणि मला माझ्याच नाकातले केस दिसले.

"अण्णा, आता गुडघ्यावर बसायची तकलीफ न्हाई. कॅमेरा खाली धरायचा, स्क्रीन वर करायची, उभ्यानंच पाहायचं."

म्हणजे माझे गुडघे गेलेत हे भर दुकानात गिऱ्हाइकासमोर सांगून झालं. सत्यभामा हसली. बायकोनं हसावं असं त्यात काय होतं?

२१ फेब्रुवारी

दाराला बिजागरी ठीक. कॅमेऱ्याला कशाला? जे हलतं ते एक दिवस तुटतं. आमच्या स्टुडिओतलं फिरतं स्टूल बघावं — किती वेळा वेल्डिंग केलं, गिऱ्हाईक बसलं की अजून रडतं.

२४ फेब्रुवारी

शिवहारशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून इथं लिहितो.

माझ्या रिळाच्या कॅमेऱ्याला डोळा लावावा लागतो. दुसरा डोळा मिटायचा, श्वास धरायचा, "हं" म्हणायचं आणि खटका दाबायचा. खटका दाबला की आतला आरसा वर उठतो आणि तेवढ्यापुरतं फोटोग्राफरला काहीच दिसत नाही. ज्या क्षणी फोटो निघतो नेमके त्याच क्षणी आपण आंधळे! लोकांना हे माहीत नसतं. तो क्षण नुसत्या विश्वासावर चालतो. समोरच्यानं तेवढ्यात डोळे मिटू नयेत, मान फिरवू नये. बस.

आमच्या दुकानात तो विश्वास माझी लेक रागिणी तयार करते. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून माझ्या खांद्यापाशी उभी राहून ती गिऱ्हाइकाला कुठं बघायचं ते सांगते. भिंगाला 'गोटी' हे नाव तिचंच. "गोटीत बघ, गोटीत चिमणी हाय." आता बीए झाली तरी तेच. परवा एका म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, गोटीत बघा," आणि कुणाला दाद न देणारा तो म्हातारा लेकरासारखा गोटीत बघत बसला. वसमतची अर्धी माणसं हिच्या सांगण्यावरून सरळ बघायला शिकली. ह्या उन्हाळ्यात हिचं लग्न उरकलं की हे काम कोण करणार देव जाणे.

आणि तो स्क्रीनवाला! कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून उभा. वरण शिजलं का बघितल्यासारखा.

२७ फेब्रुवारी, रविवार

मोंढ्यातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं बारसं होतं. शिवहारने स्क्रीन बायकांकडं फिरवली आणि तिथून पुढं जे झालं त्याची मला अजून शिसारी येते. पाळणा राहिला बाजूला. सगळ्याजणी स्क्रीनमध्ये स्वतःला बघतायत, पदर नीट करतायत, एकमेकींना ढकलतायत. बाळाची आजी, मोतीबाई, शिवहारला म्हणाली, "ह्याच्यात माझं पोट दिसून राहिलं. पुसा ते." शिवहारने पुसलं. मग दुसरीचा दात पुढं दिसला, तोही पुसला. मग आत्याबाई रुसल्या, कारण त्यांचा फोटो पुसला गेला.

छापून आल्यावर बघितलं तर सगळ्या बायकांच्या नजरा एका बाजूला. स्क्रीन जिकडं उघडते तिकडं. एकटं बाळ तेवढं गोटीत बघत होतं. त्याला अजून स्वतःचं तोंड ठाऊक नाही म्हणून.

३ मार्च

रागिणीला पकडलं. दुकानामागं, धनगराच्या शेळ्या बांधतात तिथं. शिवहारचा कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवलेला, स्क्रीन वर काढलेली, आणि ही उभ्यानं वाकून शेळीचा फोटो घेते आहे. शेळीच्या उंचीवरून. मी ओरडलो. म्हणाली, "काका देतेत, अप्पा. तुमी तर तुमच्या कॅमेऱ्याला हात लावू देत न्हाई."

पोरीच्या जातीनं रस्त्यावर कॅमेरा घेऊन वाकावं का? म्हणाली, डोळ्याला लावला तर सगळे बघतात. असा खाली धरला की कुणाला कळत पण नाही.

शेळीचा फोटो मात्र — असो.

९ मार्च, बुधवार

औंढ्याहून आत्ता आलो. काल महाशिवरात्र. गर्दी म्हणजे नुसती डोकी. मी पायऱ्यांवर चढून, एका हवालदाराच्या शिव्या खाऊन चांगलं अर्धं रीळ घालवलं. शिवहारने काय केलं? खाली उभा राहिला, दोन्ही हात वर केले, स्क्रीन खाली वळवली आणि गर्दीच्या डोक्यावरून पालखी काढली. सगळी पालखी. गुलाल हवेत. पुजाऱ्याचं तोंड वर.

माझं रीळ अजून धुवायचं आहे, पण मला माहीत आहे त्यात काय आहे. हवालदाराची मान.

"कसाय, अण्णा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, उजेड कमी आहे. उजेड बराबर होता. मला स्वतःचाच वीट आला.

१३ मार्च, रविवार

तातेराव आला होता, सत्यभामेचा भाऊ. रागिणीसाठी स्थळ घेऊन. हिंगोलीकडच्या गोरेगावचे लोक. मुलाचं खता-बियाण्याचं दुकान, घरचं शेत, पोरगं निर्व्यसनी. जीप दारातून सुटते, हिंगोलीला जायची सोय. त्यांना आधी फोटो पाहिजे, फोटो पसंत पडला तर बघायला येतात. आजकाल अशीच रीत झाली आहे.

रागिणी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अप्पा, एवढ्यात नको ना."

मी म्हणालो, गप. मामासमोर असं बोलतात का? सत्यभामा म्हणाली, सगळ्या पोरी असंच म्हणतात. आम्ही तिघं हसलो आणि विषय संपला. फोटो मी स्वतः काढणार आहे. रिळावर.

१५ मार्च

कुरुंदा गावात एक लग्न निघालं, मला पहाटेच जावं लागलं. तातेरावला घाई. शिवहारने माझ्या माघारी आपल्या डबड्यावर रागिणीचा फोटो काढला, नांदेडला जाऊन छापून आणला आणि पाकीट तातेरावच्या हातात दिलं. मला दाखवलासुद्धा नाही! मी ह्या घरात फोटोग्राफर आहे की कोण आहे?

२० मार्च, रविवार

तातेराव परत आला. पाकीट घेऊन. सतरंजीवर बसला, पाणी प्यायला, आणि खाली मान घालून म्हणाला, "दाजी, राग मानू नका. ते लोक म्हणतेत, पोरगी डोळ्यानं जरा... बाजूला हाय का?"

तिरळी! माझी रागिणी!

पाकीट हिसकावून घेतलं. फोटो बघितला आणि एका क्षणात कळलं. बारशाच्या बायकांसारखंच. तोंड समोर, नजर डावीकडं गेलेली, वीतभर. शिवहारने स्क्रीन तिच्याकडं फिरवली होती आणि पोर स्वतःला बघत बसली. समोर आरसा धरल्यावर कोण गोटीत बघेल? गोरेगावच्या माणसांना काय ठाऊक बिजागरी आणि स्क्रीन! त्यांनी सरळ तिरळी ठरवली.

शिवहारला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोसमोर बोललो. सत्यभामा पदर तोंडाला लावून रडत होती. आता हे वसमतभर होणार. मोंढ्यात दोन जिभा हलल्या की पोरीच्या नशिबाला चिकटतं ते. एवढ्याशा हलत्या तुकड्यापायी.

रागिणी शांत होती. भाकरी खाल्ली, ताट घासलं. बिचारी.

२३ मार्च

सिद्ध करून दाखवलं. सत्यभामेला स्टुलावर बसवलं, स्क्रीन तिच्याकडं फिरवली — नजर बाजूला. शेजारच्या बेबीबाईला बसवलं — बाजूला. पोस्टमनला बसवलं, त्यानं तर मिशी पिळली आणि सगळा वेळ मिशीच बघितली. प्रत्येकाची नजर तिथंच. हे यंत्र माणसाला स्वतःच्या तोंडाशिवाय काही बघू देत नाही. थू!

रागिणीला म्हटलं, तूही बस, म्हणजे तातेरावला दाखवता येईल. म्हणाली, "मला धुणं हाय."

२६ मार्च, धुळवड

शिवहार रंग लावायला आला. मी लावू दिला नाही. दारातच उभा राहिला, तोंडाला हिरवा रंग, आणि म्हणाला, "अण्णा, एक ऐका. मी तिला म्हणलो होतो, स्क्रीनीत नको पाहू, गोटीत पाह्य. तर ती म्हणाली, 'काका, मला सांगता व्हय?' मी काहून खोटं बोलू?"

आपली चूक लेकरावर ढकलतो. धुळवडीच्या दिवशी. किळस आली त्याच्या हिरव्या तोंडाची. दार लावून घेतलं.

२८ मार्च, सोमवार

तातेराव खरंच भला माणूस. गोरेगावला जाऊन पुन्हा बोलला. त्यांना म्हणाला, पोरीत काही नाही, कॅमेऱ्यात खोट होती. ते म्हणाले, मग दुसरा फोटो द्या, नीट आला तर पाडव्यानंतर बघायला येतो.

आज मी काढला. शिवहारचा कॅमेरा फडताळात घालून कुलूप लावलं. शिवहार मावशीकडं गेला होता. वीज जायच्या आत दोन्ही दिवे लावले, मागं निळा पडदा सोडला. रागिणीनं आईची मोरपंखी साडी नेसली होती. किती वर्षांनी ती खांद्यापाशी नाही, समोर होती. "गोटीत बघ" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणालो. ती हसली. डोळा लावला. सरळ, स्वच्छ नजर, माझ्याकडं. असल्या नजरेला तिरळं म्हणणाऱ्याचे डोळे फुटोत. श्वास धरला. हं. खटका. पाच घेतले, सगळे नीट गेले.

उतरताना म्हणाली, "अप्पा, तुमी दर वेळी 'हं' म्हणता ते तुमाला माहीत हाय का?"

मी म्हणालो, माहीत आहे. तुला कसं ठाऊक? म्हणाली, "माझ्याशिवाय कुणाला असणार?"

रीळ अर्धं राहिलं आहे. उरलेलं संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही.

४ एप्रिल

आंबा गावच्या एका लग्नात रीळ संपवलं. नांदेडच्या गाडीनं पाठवलं. गावात हळद शिजवायचं चालू आहे, कपड्यांना, भाकरीला, सगळ्याला तोच वास. शिवहार दुकानाला येतो, बोलत नाही. त्याचा कॅमेरा मी अजून कुलपातच ठेवला आहे. मागत पण नाही.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. सत्यभामा म्हणाली, पुढच्या पाडव्याला रागिणी तिच्या घरी असेल. रागिणीनं कडुनिंबाचा पाला चावला आणि तोंड वाकडं केलं. पाल्यामुळंच असेल.

१२ एप्रिल, मंगळवार

रीळ आलं.

पाची फोटोंत नजर डावीकडं. वीतभर. फडताळाला कुलूप होतं. डावीकडं नुसती भिंत.

हं म्हटलं की मी आंधळा होतो, हे तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ठाऊक आहे. तोंडानं एकदा सांगितलं होतं तिनं, आम्ही हसलो होतो.

कुलूप काढून कॅमेरा तिच्या हातात दिला. तातेराव ओसरीवर फोटोची वाट बघत होता, त्याला म्हणालो, फोटो नाही, स्थळ पण नको, तसं कळवून टाक.

"डोळ्यामुळंच ना, दाजी?"

"व्हय," मी म्हणालो. "माझ्या."