वाइंडिंग खात्याचा फ्लोचार्ट

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७८

प्रिय शिवयोगी,

दर पत्रात लाडानं 'तम्मा', धाकट्या, असं लिहिते, आज हात वळत नाही. अव्वा बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. खुशालीचं एवढंच. बाकी पत्र रागाचं आहे आणि ते तू शेवटपर्यंत वाचायचं. ऑफिसात उघडू नकोस, खोलीवर जाऊन वाच.

वच्छलाला गिरणीतून काढायचं चाललंय. आपल्या सोजरबाईची सून. सासूच्या जागी वाइंडिंगला लागली, माझ्या शेजारच्याच यंत्रावर असते. पोर चार महिन्यांचं, गिरणीच्या पाळणाघरात ठेवते. ते रडलं की आया दारातून हात करते, वच्छला मला नुसतं 'बघ गं' म्हणते आणि पाजायला जाते. तेवढा वेळ दोन्ही यंत्रांवरचे तुटलेले धागे मी जोडते. मला कधी उठावं लागलं तर ती माझं बघते. माल कमी पडत नाही. आमच्या खात्यात हे कधीपासून चालतं ते तुला सांगायला नको. तू त्याच पाळणाघरात वाढलास, आणि अव्वा तुला पाजायला गेली की तिचं यंत्र सोजरबाई सांभाळायची. आमच्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरला सगळं माहीत असायचं, तो पाठ करून तंबाखू मळत बसायचा.

मागच्या श्रावणात तू आलास तो कॉम्प्युटर कंपनीचा साहेब होऊन. खातं कसं चालतं ते बघून कागदावर मांडायचं, मग ते मशीनला कळतं, असं तूच अव्वाला समजावलंस. पट्टी-पेन्सिल घेऊन आठवडाभर आमच्यासमोर उभा राहिलास. आणि त्या आठवड्यात एकही बाई पोराला पाजायला उठली नाही. साहेब लिहून घेतोय म्हटल्यावर कोण उठणार? चोळ्या ओल्या झाल्या तरी बाया मान खाली घालून गाठी मारत होत्या. तू पाहिलंस ते आमचं रोजचं वागणं नव्हतंच, ते तुझ्यापुढचं वागणं होतं. आणि दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, त्या बिचाऱ्याला काय कळणार. तुला कळत होतं.

कारण रविवारी जेवणं झाल्यावर मी तुला सरळ सांगितलं होतं. तो फ्लोचार्ट का काय तो, चटईवर पसरला होतास. सगळे चौकोन, बाण, आणि मधेमधे शंकरपाळ्यासारखे तिरके. एका शंकरपाळ्यात लिहिलं होतंस, 'कामगार जागेवर आहे का?' हो असेल तर बाण खाली, नाही तर बाण सरळ 'गैरहजर'कडे. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, इथं आणखी एक बाण काढ की. बाई जागेवर नाही, पण शेजारीण यंत्र चालवतेय, असंही असतं. तू हसलास. म्हणालास, अक्का, असलं कागदावर आणलं तर साहेबलोक उद्याच बंद करतील, झाकलेलं बरं. अव्वाला लगेच पटलं. तिचा मुलगा आमच्या भल्याचंच बघणार ना.

आता बघ तुझ्या झाकण्याचं काय झालं. दर तासाला टाइमकीपर फेरी मारतो आणि यंत्रासमोर बाई दिसली नाही की खूण करतो. पूर्वी तोही जरा थांबून विचारायचा, आता तुझ्या कागदात विचारायला जागाच नाही. त्या खुणा मुंबईला जातात, तिथं कार्डांना भोकं पडतात आणि तुझ्याच ऑफिसातून छापून येतं, वच्छला गैरहजर. यंत्र चालू, रिळं भरलेली, आणि बाई म्हणे गैरहजर! जॉबरनं जाऊन सांगितलं. मॅनेजर म्हणाला, कॉम्प्युटर काय खोटं बोलतो का. आता ती उठतच नाही. पोर जेवणाच्या सुट्टीपर्यंत रडतं. यंत्रांच्या खडखडाटात आम्हाला काही ऐकू येत नाही, तिला येतं. परवा मोरीत उभी राहून तिनं माझ्यासमोर पदर पिळला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सोजरबाई येऊन गेली. मला वाटलं तुला शिव्या घालेल, घालायला पाहिजे होत्या. तर म्हणते, पोरगं आपलं हाय, त्येची नोकरी जायाला नको, त्येला ह्यात वढू नगा. अव्वानं मान डोलावली. दोघी म्हाताऱ्या तुझ्या मायेपायी वच्छलाचं वाटोळं करायला निघाल्यात. मला इतका संताप आला की मी चहाही न देता उठले.

आणि काल युनियनच्या कचेरीत गेले. एकवीस तारखेला, मंगळवारी, लेबर ऑफिसात वच्छलाची चौकशी आहे. गिरणीवाले पुरावा म्हणून तुझा कागद ठेवणार आहेत, खाली तुझी सही आहे. मी साक्ष देते म्हटलं, तर युनियनचे अण्णाराव म्हणाले, तुम्ही शेजारणीच, तुमचं कोण ऐकणार, ज्यानं कागद काढला त्यानंच बोलायला पाहिजे. म्हणून वच्छलाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलं. बोलावणं तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर येईल, म्हणजे आधी तुझा साहेबच ते वाचेल. तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. कळूनच दिलं. हे पत्र तुझी परवानगी मागायला नाही, त्या बोलावण्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून लिहिलंय. तू एवढंच सांगायचं, की या बाया एकमेकींची यंत्रं सांभाळतात हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. तू आला नाहीस, किंवा येऊन गप्प बसलास, तर हे सगळं मी भर चौकशीत उठून सांगेन, आणि तू माझा सख्खा भाऊ आहेस हेही सांगेन.

रागावलेली, तरी तुझीच,
दाक्षायणी अक्का