पेनल्टीची रेघ

काळाचौकी, मंगळवार, संध्याकाळ

दादा जाऊन दोन महिने झाले. दाराच्या मागे आमचे पेन्सिलीचे दोन रकाने तसेच आहेत, आपापल्या लाडक्या फुटबॉलपटूने देशासाठी केलेल्या गोलांचे. त्याचा पोर्तुगालवाला, माझा अर्जेंटिनावाला. मोठा कोण, यावरून आम्ही भरल्या ताटावरून उठलोय. पेनल्टी मात्र मी त्याला कधीच धरू दिली नाही. फुकटचा गोल कसला मोजायचा?

काल पोर्तुगालवाल्याने गोल केला. आज कामावरून आल्या आल्या मी दादाच्या रकान्यात रेघ मारली. पेन्सिलीला टोक त्यानेच काढलेलं. अजून तसंच होतं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पेनल्टी होती ना रे ती? टीव्हीवर दाखवली."

होती. दादा असता तर भांडून खोडायला लावली असती मी.