दुधाच्या गाडीतला मुक्काम

बुधवार, १० एप्रिल
गाडी तयार. बाबांनी जिच्यातून उभी हयात दूध पोचवलं, तिचा कॅम्पर झाला. दोन बाक, फ्रिज, पंखा, छताला दिवे. प्रत्येक डब्यावर नाव चिकटवलं : साखर, औषधे, किरकोळ. शुद्धलेखन दोनदा तपासलं. बाबा मला मास्तर म्हणतात, शाळा अर्धवट सुटली तरी.
मेकॅनिक म्हणाला, फ्रिज-दिव्यांना वेगळी बॅटरी लाव. या लोकांना सामान खपवायचं असतं. गाडीची बॅटरी नवी आहे, पुरेल.
पुढच्या आठवड्यात ताई बाबांना कायमचं तिच्याकडे नेणार म्हणते. माझ्याच्यानं त्यांचं होणार नाही, असं तिचं मत. त्याआधी तीन रात्री डोंगरातल्या तळ्यावर मुक्काम : वीज नाही, फोन नाही, आम्ही दोघंच. परत येताना बाबा आपणहून म्हणतील, मी धाकट्याकडेच राहतो.

शुक्रवार, १२ एप्रिल
निघालो. गाडीत शिरताना बाबा म्हणाले, वास गेला की. फिनेलच्या बाटल्याच्या बाटल्या ओतल्या होत्या. कोणाच्या तरी लक्षात आलं!
ड्रायव्हरची सीट बाबांच्या उंचीला मागे होती, तिथेच गंजलेली. हातोडीने ठोकून पुढे आणली आहे. आता क्लचवर पाय नीट पोचतो.
काचबिंदूमुळे बाबांना समोरचं दिसतं, बाजूचं नाही. लायसन्स गेल्या वर्षी गेलं. आज माझ्या शेजारी बसले होते. घाटात मी गिअर बदलला की त्यांचाही डावा पाय खाली दाबला जायचा. पायात गोळे येत असावेत. मुक्कामावर मलम दिलं. त्यांनी ते न उघडताच परत केलं. म्हणजे आराम पडला असणार.

शनिवार, १३ एप्रिल
तळं छान. उंचावर असल्यानं एप्रिलातही थंडी. सुट्ट्या अजून लागल्या नसल्यामुळे दुसरं कोणीच नाही. गाडी चढाच्या माथ्यावर सपाटीला लावली, तोंड तळ्याकडे, म्हणजे बाकावरून पाणी दिसतं. खाली उतरलेला रस्ता काठाने वळून तळ्याला वळसा घालतो.
बाबा मात्र बाकावर बसतच नाहीत. दिवसभर ड्रायव्हरच्या सीटवर, गुडघे स्टिअरिंगला टेकवून. मी म्हटलं, मागे गादी आहे. म्हणाले, इथं बरं वाटतं. ऊन चांगलं येत असेल तिथे.
डब्यांची सोय त्यांना पसंत पडलेली दिसते. अजून एकही चुकीचा डबा उघडलेला नाही. तसा बरोबरचाही नाही.

रविवार, १४ एप्रिल
आज विषय काढला. बाथरूमला धरायला दांडे, त्यांच्या खोलीत मोठा दिवा, सगळं सांगितलं. बाबा पाण्याकडे बघत होते. नाही म्हणाले नाहीत. मौन म्हणजे होकार. ठरल्यातच जमा. ताईला कसं सांगायचं तेवढं बघायला हवं, तिला वाईट वाटेल.
दिवे रात्रभर चालूच ठेवतो. बाबा अडखळायला नकोत.

सोमवार, १५ एप्रिल
सकाळी किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. फ्रिज बंद, दूध नासलेलं, सगळ्या गाडीत तो जुना वास. बाबांनी नाक वर करून श्वास घेतला आणि हसले. या ट्रिपमध्ये पहिल्यांदा.
बॅटरीत मुळातच दोष असणार.
ढकलस्टार्ट करणं भाग होतं. बाबांच्या छातीला ढकलणं झेपणार नाही. म्हणजे ढकलणार मी. म्हणजे आत बसणार...
मी नको म्हणालो. खाली तळं आहे, वळण आहे. तोवर बाबांनी सीट एका हिसक्यात मागे घेतली होती. म्हणाले, “समोरचं दिसतंय मला. तू फक्त ढकल, मास्तर.”
ढकलली. उताराच्या मध्यावर इंजिन लागलं. मी मागून धावत डावीकडे, डावीकडे म्हणून ओरडत होतो. गाडी डावीकडे वळली, थांबली मात्र नाही. काठाने गेली, झाडांमागे दिसेनाशी झाली. मग पलीकडून हॉर्न आला, दूध आलं की गल्लीत वाजवायचे तसाच. मी तिथेच खाली बसलो.
पूर्ण वळसा घालून माझ्यापाशी थांबले. इंजिन बंद केलं नाही. डोळे पुसत होते. धूळ गेली असावी.
म्हणाले, “चल. आता ताईकडे सोड मला.”
मी खोलीचं पुन्हा सांगितलं. दांड्यांचंही.
“तुझं काही चुकलं नाही रे. पण तुझ्याकडे राहिलो तर ही गाडी रोज दारात दिसेल. तिथं निदान दिसणार नाही.”
मग उतरले आणि गाडीच्या अंगावर हात टेकत टेकत दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.
मी पाठीशी उशी घेऊन गाडी ताईकडे नेली. वाटेत त्यांचा पाय हलला नाही.

रविवार, २१ एप्रिल
ताईचा फोन. बाबा रुळले म्हणते. फोनवर मात्र आले नाहीत, झोपले होते. भरदुपारी झोप लागते म्हणजे तब्येत सुधारत असावी. ही सगळी तात्पुरती व्यवस्था आहे. दांडे बसवून ठेवले आहेत.
सीट अजून मागेच. उशी घेतली तरी क्लच जेमतेम लागतो. पुढे आणायला हातोडी हवी, ती काही सापडत नाही.
‘हातोडी’ लिहिलेला डबा समोरच आहे.