खिळ्याची गन बिघडलेली न्हाई

२ ऑक्टोबर, दसरा
आज खिळ्याच्या गनची पूजा केली. गन आमच्या बचत गटाची. हवेवर चालते. खटका दाबला की फटकन खिळा आत. सीताफळाच्या लाकडी पेट्या आता हिच्यावरच करायच्या. गन माझ्या ताब्यात, कारण बाकीच्यांना अक्कल न्हाई. गटातल्या ताराबाईनं वरून नुसतं कुंकवाचं बोट टेकवलं. असली उरकाउरकी मला चालत न्हाई. हवा आत जाते त्या भोकातबी मी चिमूट चिमूट हळदकुंकू सोडलं. खरी ताकद तिथंच ना. हातोड्या आता घरी ठेवा म्हणून सगळ्यांना सांगितलं.

३ ऑक्टोबर
गन फुस्स करती. खिळा अर्धा आत, अर्धा बाहेर. फळ्या वाईट आल्यात. दुसरं काय.
परळीच्या रईसभाईचा फोन. आमच्या पेट्या तोच नेतो. म्हणाला, गुरुवारी टेम्पो आणतो. पेट्या तयार नसल्या तर प्लास्टिकचे क्रेट घेईन, मग पुन्हा लाकडाचं नाव न्हाई. म्हणजे सगळ्या बायकांचं काम कायमचं बंद. मी म्हणलं, आमच्याकडं गन हाय, मंगळवारीच या. तो म्हणाला, गुरुवारच बरा. ताराबाईनं कपाळावर हात मारला. तिला सवयच हाय.

४ ऑक्टोबर
हवा कमी पडत असणार. कंप्रेसरचा काटा चढवला. एकदम दोन खिळे सुटले. एक पेटीत, एक पाण्याच्या ड्रमात. ड्रमातून धार लागली. आमच्या ह्यांनी, आप्पारावांनी, वरडून गल्ली गोळा केली. नवरा हाय का भोंगा. म्हणे हबीब मेकॅनिकला दाखव. कावून दाखवू? शिलाई मशीन तीस वर्षं मीच उघडते. सध्या ती बंद हाय, ती गोष्ट वेगळी.

५ ऑक्टोबर, दुपारी
मशीनला तेल लागतं. सून ऋतुजा म्हणाली, आत्या, गनचं तेल वेगळं येतं, तेच घाला. ते संपलंय. घाण्याचं करडीचं तेल घातलं. माणसं खात्यात ते, मशीनला काय धाड भरती? पाच खिळे लोण्यात गेल्यागत गेले. सगळ्यांना हाका मारून बोलावलं. सगळ्या आल्या आन् गन गप. ताराबाई म्हणली, उपास असंल तिचा आज. सगळ्या हसल्या. हसा.

६ ऑक्टोबर
गन उघडली. आत लालपिवळं चिकट काहीबाही होतं. कंपनीचं ग्रीस असणार. तसंच ठेवलं. कंपनीच्या कामात आपण बोट घालू नये. एक रबरी रिंग फाटली होती, तिथं फवारणी पंपाचा वायसर बसवला. सगळं लावून झाल्यावर तीन स्क्रू उरले. जास्तीचेच देत असतील.
उद्या गन चालणार. ठरलं.

७ ऑक्टोबर
चालली न्हाई. निम्मी हवा बाजूनंच जाती.
बायका सकाळीच हातोड्या घेऊन बसल्या. मला न विचारता. ताराबाई फळ्या जुळवून देती, बाकीच्या ठोकत्यात. मी समजावून सांगितलं की गननं ह्याच्या निम्म्या वेळात होतं. ताराबाई म्हणली, मनकर्णाबाई, तुमची गन उठस्तवर सीताफळं झाडावर म्हातारी होतील. सरका, उजेड अडवू नका.
असल्या अडाणीपणानंच आपण मागं राहिलो. सरकले, पण माझ्या मनानं.

८ ऑक्टोबर
हबीब ह्याच रस्त्यानं चालला होता. मी फोन केला म्हणून चालला होता. गन उघडली आन् हसतच बसला. म्हणतो, मावशी, हिच्या पोटात हळदकुंकू कावून भरलं? वरून खायचं तेल. आत निस्ती चटणी झालीय. पूजा वरून करत जावा, आतलं आमच्यावर सोडा. मी म्हणलं, तोंड कमी चालव, पाना जास्त चालव. मग स्क्रू मागाया लागला. पदराच्या गाठीतून काढून दिले. मी जपले म्हणून सापडले, पण त्याचं नाव कोण घेतंय. त्यानं सगळं धुतलं, रिंग बदलली. संध्याकाळी गन ठणठणीत.
आतच काहीतरी हाय, हे मी आधीपासून वळखलं होतं. उद्या सगळ्यांना दाखवते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी गेले तर पेट्या झालेल्या. रात्री सगळ्या जणी थांबल्या होत्या म्हणे. मला कुणी बोलावलं न्हाई. माझी झोप मोडू नये म्हणून असंल.
एकच पेटी राहिली होती. ती ताराबाईच्या हातातून वढून घेतली. टेम्पो दारात, रईसभाई समोर. खटका दाबला. खिळा फळीतून पार झाला, फळी उभी चिरली. कंप्रेसरचा काटा मी चढवलेला तसाच होता. हबीबनं बघायला नको?
रईसभाईनं बाकीच्या पेट्या हलवून, दाबून बघितल्या. क्रेटचं नाव काढलं न्हाई. पुढच्या आठवड्याच्या पेट्या ताराबाईला सांगितल्या. मी तिच्या पुढंच उभी होते, पण त्याच्या डोळ्यावर ऊन येत असणार.
माझी पेटी मात्र त्यानं वेगळी काढली. म्हणला, मावशी, हिच्यात फळ टिकायचं न्हाई, डायवरच्या चपला राहतील. सीटामागं नीट ठेवली.
बाकीच्या सगळ्या पेट्या परळीला उतरून जातील. माझी कायम टेम्पोत राहणार. ताराबाईला हे बोलले न्हाई. उगंच जळंल.